मांजर न उठवता

"हळू," हिरेमठ गुरुजी म्हणाले.

मी हळू बोलले.

"अजून हळू."

मी अजून हळू बोलले. गुरुजींच्या पायाशी पसरलेल्या मांजराचा एक कान हलला, मग एक डोळा उघडला, मग ते उठलं, अंग ताणलं आणि माझ्याकडं ढुंकूनही न बघता घरात निघून गेलं.

"नापास," गुरुजी म्हणाले. "उद्या परत ये."

ही आमची परीक्षा होती. गुरुजींच्या ओट्यावर उभं राहायचं, "मुलांनो, आज आपण अपूर्णांक शिकणार आहोत" इथून सुरुवात करायची, आणि पाठ संपेपर्यंत मांजर झोपलेलं राहिलं पाहिजे. मी टॉवेलची घडी घालून अर्धा आणि पाव शिकवायची. अर्ध्यापर्यंत ठीक चालायचं. पाव आला की मला उत्साह यायचा, आणि मला उत्साह आला की मांजराची झोपमोड व्हायची.

गुरुजी मला चौथीला होते. तेव्हाही ते म्हणायचे, "भाग्यलक्ष्मी, वर्गात तू एकटी नाहीस." पण तेव्हा ते हसून सोडून द्यायचे. आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. डी.एड. होऊन मी घरी बसले होते आणि तीन शाळांनी मला परत पाठवलं होतं. पहिल्या शाळेतले मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आम्हाला शिक्षिका पाहिजे, दवंडी पिटणारा नको." दुसऱ्या शाळेत कुणी काही बोललं नाही, फक्त मी पाठ सुरू केल्यावर एका सरांनी उठून खिडकी लावून घेतली. तिसऱ्या शाळेनं "कळवू" म्हटलं. त्याचा अर्थ मला तोवर कळायला लागला होता.

यात माझा काय दोष, सांगा. आमचं घर सोलापुरात, यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटून. भिंतीपलीकडं दिवसभर मागांचा खडखडाट. वडील मागावर, अम्मा कांडीवर. अशा घरात जेवायला वाढलंय हे सांगायचं तरी बोंब ठोकावी लागते. आमच्याकडं भांडण कधी सुरू झालं नि कधी संपलं हे शेजाऱ्यांना कळायचं नाही, कारण लाडानं हाक मारली तरी आवाज तोच.

चौथी मुलाखत शनिवारी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाची मराठी शाळा, पाचवीच्या वर्गासाठी एक जागा.

"मांजर उठलं तर नोकरी गेली असं समज," गुरुजी म्हणायचे. मी तसंच समजत होते.

घरी दुसरी परीक्षा असायची. अम्माची.

अम्मा माझ्याशी तेलुगूतच बोलायची, इथं मी आमच्या सोलापुरी मराठीत सांगते. मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर मशीननं सूत भरायचं हे तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या आवाजात बसत आली होती आणि तिचे कान कधीच गेले होते. पण तसं तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. "मी बहिरी न्हाई. लोकच पुटपुटायलेत," असं तिचं ठाम मत होतं. चारचौघांत बसली की सगळे हसल्यावर अर्ध्या क्षणानं तीही हसायची, कुणाकडं तरी एकदा बघून घेऊन. कुणी बोलायला लागलं की ती त्याच्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघायची. कारखान्यातले सगळेच जुने लोक असं बोलायचे. या मागावरून त्या मागापर्यंत ओरडून घसा फोडण्यापेक्षा नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळं ओठांवर. आम्हा घरच्यांना त्याची इतकी सवय की अम्माशी बोलायचं तर आम्ही आपोआप तिच्यासमोर जाऊन उजेडाकडं तोंड करायचो.

मी पाठ करते आहे म्हटल्यावर अम्मा संध्याकाळी हात धुऊन समोर येऊन बसली.

"शिकव."

"तुला अपूर्णांक कशाला पाहिजेत?"

"मला न्हाई पाहिजेत. तुला शिकवायला पाहिजे. शिकव."

मी मांजराला शिकवायची त्या आवाजात सुरू केलं. थोडं झालं नि भिंतीवर खडूनं लिहायला वळले, तशी मागून ओरड आली.

"तोंड का फिरवलीस? भिंतीशी लगीन लागलंय का तुझं?"

"अम्मा, फळ्यावर लिहायला लागतं."

"लिही की. लिहून झाल्यावर वळ, मग बोल. आणि ओठ गिळू नको, ओठ काय खायची वस्तू हाय? दिव्याखाली ये. अंधारात बोलायला काय चोरी करायलीस?"

मी चिडले. दिवसभर एक म्हणतो आवाज कमी कर, संध्याकाळी दुसरी म्हणते दिसत नाही. "तुझ्यासाठी मोठ्यानं बोलले तर तिकडं नोकरी जाईल," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल म्हणून कोण म्हणायलंय? आवाजाचं काय लोणचं घालू मी? तोंड दाखव."

मग मी तोंड दाखवून, ओठ नीट उघडून, आवाज मांजराएवढा ठेवून सबंध पाठ म्हटला. अम्मा शेवटपर्यंत न हलता बघत बसली. संपल्यावर तिनं माझ्या हातातला टॉवेल घेतला, त्याची घडी घालून पाव भाग मला काढून दाखवला आणि भात चढवायला उठली. कौतुकाचा शब्द नाही. पण रोज संध्याकाळी ती येऊन बसायची.

गुरुवारी वडील घरी आले ते बातमी घेऊन. मालकांनी विचारलं होतं, पोरगी घरीच आहे तर सोमवारपासून कांडीवर का येत नाही? अम्माच्या शेजारचं मशीन रिकामंच पडलंय. वडील वाईट नव्हते. त्यांना माझं शिक्षण आवडायचं, पण ते थकले होते. ते "बघू" म्हणाले होते, आणि मालकाला "बघू" म्हटलं की त्याचा अर्थ "हो" असतो.

मी जेवत होते. त्या मशीनचा आवाज मला आताच कानात यायला लागला होता.

अम्मानं वडिलांचे ओठ वाचले होते. ती ताट बाजूला सारून म्हणाली, "शनिवारी मुलाखत हाय न्हवं? मग सोमवारचं सोमवारी बघता येतंय."

"नाही झालं तर?" वडील म्हणाले.

"त्या मशीनवर ही बसायची न्हाई. माझं गेलं ते गेलं."

काय गेलं, ते तिनं सांगितलं नाही. 'कान' हा शब्द तिनं आयुष्यात स्वतःसाठी वापरला नव्हता. मी त्याच रात्री ठरवलं की शनिवारी काही झालं तरी मांजर उठता कामा नये.

शुक्रवारी मांजर शेवटपर्यंत झोपलं. गुरुजींनी त्याला हलवून पाहिलं, जिवंत आहे ना म्हणून.

"आता जा," ते म्हणाले. "आणि वर्गात मुलं असतात, मांजरं नसतात, एवढं फक्त लक्षात ठेव."

शनिवारची सकाळची शाळा. आम्ही सहाजणी होतो. माझ्या आधी मुग्धा जोगळेकर नावाची मुलगी होती, मोगऱ्याचा गजरा, इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की तिनं "पेन मिळेल का?" विचारलं तरी ऐकत राहावं. पाठ आधी, तोंडी मुलाखत नंतर. तिचा पाठ झाल्यावर मुख्याध्यापिका पानसेबाई वर्गातून हसत बाहेर आल्या. मी टॉवेल घट्ट धरला आणि आत गेले.

पाठ चांगला चालला होता, हे मी आजही कुणाशीही पैजेवर सांगेन. आवाज जागच्या जागी होता. लिहून झाल्यावर वळून बोलत होते. पोरं पुढं वाकून ऐकत होती. अर्धा झाला, पाव झाला. मग मी टॉवेल शेवटच्या बाकावर दिला, म्हटलं, तुम्ही आठवा भाग काढून दाखवा. तिथल्या दोन वीरांना आठव्या भागापेक्षा सबंध टॉवेल पाहिजे होता. एकानं ओढला, दुसऱ्यानं ओढला, बाक कलंडला, आणि एक जण डोक्यावर आपटणार इतक्यात माझ्या पोटातून ते निघालं.

"एऽऽऽ! सोड!"

टॉवेल सुटला. बाक जागेवर आला. आमच्या वर्गात शांतता झाली. शेजारच्या वर्गातही झाली. त्याच्या पलीकडच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. पानसेबाईंनी चष्मा सारखा केला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

पाठ मी पुरा केला. कसा केला विचारू नका. बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा डोळ्यांपुढं ते रिकामं मशीन होतं. उठून घरी जावं असं फार वाटलं. पण घरी जाऊन अम्माला काय सांगायचं, की मुलाखत न देताच आले? तसं सांगण्यापेक्षा आणखी एकदा "कळवू" ऐकलेलं बरं. मी बसून राहिले.

मुग्धा मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आली ती डोळे पुसत.

"अध्यक्ष मला म्हणाले, पुटपुटू नका," ती म्हणाली. "मी पुटपुटते? मी वक्तृत्वाची बक्षिसं घेतलीयत! एकच प्रश्न तीनदा विचारला. उत्तर दिलं तरी परत तोच."

मला तिची दया आली आणि तिचे शब्द कुठंतरी ओळखीचे वाटले. पण विचार करायला वेळ नव्हता. माझं नाव पुकारलं गेलं.

खोलीत तिघं होते. मध्ये संस्थेचे अध्यक्ष दुडमशेठ, सत्तरीच्या पुढचे, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गंध. आडनावावरून आमच्याच तेलुगू समाजाचे, पण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका बाजूला पानसेबाई. दुसऱ्या बाजूला सचिव, ते मुलाखतीपेक्षा चहात जास्त लक्ष घालत होते. उमेदवाराची खुर्ची खिडकीकडं पाठ करून ठेवलेली. मी तिच्यावर टेकले.

"नाव?"

"भाग्यलक्ष्मी कोडम."

"शिक्षण?"

मी सांगितलं. दुडमशेठ पुढं वाकले, कपाळाला आठ्या. "नाव काय म्हणालात?"

पानसेबाईंनी मान खाली घातली. सचिव कपातून तोंड काढून म्हणाले, "साहेब, यांचा आवाज मघाशी सबंध शाळेनं ऐकला. आता कुठं गेला कोण जाणे!"

पानसेबाई हसल्या. सचिव स्वतःच्याच विनोदावर हसले. दुडमशेठही हसले.

अर्ध्या क्षणानं. पानसेबाईंकडं एकदा बघून घेऊन.

ते हसणं मी रोज घरात बघत होते. मग मी त्यांच्या नजरेकडं पाहिलं. ती माझ्या डोळ्यांवर नव्हती. ती माझ्या तोंडावर होती, आणि माझ्या पाठीमागून खिडकीचं ऊन येत असल्यामुळं माझं तोंड त्यांना काळं ठिक्कर दिसत असणार.

ओरडून बोलणं सोपं होतं. तेवढं एकच तर मला जन्मापासून येत होतं. पण ओरडले असते तर पानसेबाईंच्या त्या रेघेखाली आणखी एक रेघ आली असती. आणि त्याहून वाईट म्हणजे, भर खोलीत त्या माणसाला बहिरा ठरवल्यासारखं झालं असतं. अम्माशी परकं कुणी ओरडून बोललं की तिचं तोंड कसं व्हायचं, ते मला ठाऊक होतं. कुणी थोबाडीत मारल्यासारखं.

मी उठले. "सर, ऊन पाठीवर येतंय. खुर्ची जरा इकडं घेऊ का?"

हातानं खूण केली म्हणून त्यांना कळलं. त्यांनी मान डोलावली. मी खुर्ची उचलून पलीकडं ठेवली, खिडकीचा उजेड सरळ माझ्या तोंडावर येईल अशी. बसले. अम्मा समोर बसली आहे असं समजले. आणि आवाज इतका खाली नेला की गुरुजींच्या मांजरानं कूस बदलली नसती.

"माझं नाव भाग्यलक्ष्मी कोडम. माझं डी.एड. झालंय. मला पाचवीला शिकवायचंय."

दुडमशेठच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ते खुर्चीत मागं टेकले.

"बाई म्हणतात, तुम्ही वर्गात ओरडता."

"हो, सर. ओरडले. पोरगा पडत होता."

"आणि एरवी?"

"एरवीही आवाज मोठा आहे. मागाशेजारी वाढले. आमच्या घरी ओरडल्याशिवाय मीठसुद्धा मिळत नाही."

दुडमशेठ हसले. या वेळी कुणाकडं न बघता, वेळेवर.

सचिवांनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडं वळून म्हणाले, "साहेब, यांना जरा मोठ्यानं बोलायला सांगा. काही ऐकू येत नाही."

"का हो?" दुडमशेठ म्हणाले. "मला तर शब्द न् शब्द ऐकू येतोय. तुम्ही चहा प्या."

पानसेबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडं बघितलं. त्या शाळेत किती वर्षं त्या साहेबांना एकेक गोष्ट तीनदा सांगत आल्या होत्या, ते मला पुढं कळलं.

"हे असं हळू बोलायला कुणी शिकवलं?" दुडमशेठनी विचारलं.

"हळू बोलायला माझ्या गुरुजींनी शिकवलं. समोरच्याला कळेल असं बोलायला आईनं. ती म्हणते, बोलायचं तर तोंड दाखवून बोल."

"आई काय करतात?"

"कांड्या भरते."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाले, "मी पण माग चालवलेत. पेठेत. चार-चार." सचिवांना हे बहुधा नवीन असावं, त्यांनी मान वर केली. दुडमशेठनी लगेच कागद सारखे केले. "बरं. या तुम्ही. कळवू."

कळवू.

मी नमस्कार केला आणि उठले. मनात म्हटलं, भाग्यलक्ष्मी, जे करायचं ते तू केलंस, आता सोमवारी मशीन तर मशीन. दारापाशी पोचले तेव्हा मागं पानसेबाई सचिवांना सांगत होत्या, "त्या जोगळेकरांचा आवाज मात्र फार गोड होता हो," आणि दोघांची डोकी कागदावर वाकली होती. मी दार ओढताना वळून पाहिलं.

दुडमशेठ माझ्याकडेच बघत होते. त्यांचे ओठ हलले. आवाज अजिबात नाही. या मागावरून त्या मागावर बोलतात तसं.

"सोमवारं रा."

आमच्या तेलुगूत. सोमवारी ये.

मीही ओठांनीच म्हटलं, "वस्ता." येते. आणि दार लावून घेतलं. त्या खोलीत अजून जोगळेकरांच्या गोड आवाजाची चर्चा चालली होती.

घरी न जाता मी सरळ कारखान्यात गेले. सगळे माग धडधडत होते. आत शिरलं की छातीत हादरे बसायचे, एवढा आवाज. वडील त्यांच्या मागावर. पार कोपऱ्यात अम्मा कांडीवर, तिच्या शेजारी ते रिकामं मशीन. मालकांनी ते पुसून ठेवायला सांगितलं होतं, चकचकत होतं.

अम्मानं मला दारात पाहिलं. तिचा हात थांबला.

मी तिथूनच, ओठ नीट उघडून, तिनं शिकवलं तसं, आवाज न काढता म्हटलं, "मिळाली."

तिला दिसलं. मी शपथेवर सांगते, तिला दिसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. पण ती उठून उभी राहिली, एक हात कानामागं लावला, आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "काय?"

मी परत ओठांनी म्हटलं.

"ऐकू येईना!" अम्मा ओरडली. "मी बहिरी हाय! माझे कान गेलेत! मोठ्यानं सांग!"

जवळच्या मागावरचा माणूस वळून बघायला लागला. त्यानं माग बंद केला. मग त्याच्या पलीकडच्यानं. वडिलांनीही हात थांबवला.

मग मी पोटातून, छातीतून, इतक्या दिवसांचा दाबून ठेवलेला सगळा आवाज काढून ओरडले, "अम्मा! मला नोकरी मिळाली! मी शाळेत शिकवणार!"

उरलेले माग एकेक करून बंद पडले. कुणीतरी म्हणालं, "बापरे, वर्गाची छप्परं सांभाळा रे!" आणि सगळा कारखाना हसला.

पण अम्मा त्यांच्या आधी हसली होती.